कापून टाकलेल्या दृश्यातला बिल्ला

मी पत्र्याचा एक बिल्ला. पाच टोकांचा, चांदणीसारखा. पडद्यावर लोकांना मी अस्सल पितळेचा वाटलो, पण माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यातला. पत्रेकाराने मला कापलं, कानशीने कडा घासल्या आणि वर सोनेरी रंग फासला.

बंदूकवाल्या घोडेस्वारांचा चित्रपट होता. कपडेपटातल्या मावशींनी मला शेरीफच्या, म्हणजे तिथल्या फौजदाराच्या, मदतनिसाच्या जाकिटावर टाचलं. ते काम करणारा नट म्हणाला, "मावशी, घट्ट टाचा. वीस वर्षं मी पहिल्याच गोळीला मरतोय. या वेळी शेवटपर्यंत जगायचंय!"

त्याची भूमिका मोठी चमत्कारिक. हा मदतनीस सकाळी शेरीफबरोबर डाकूंचा माग काढी आणि दुपारी त्याच डाकूंना पाणी पाजी.

"मी आहे तरी कोणाच्या बाजूचा?" त्याने दिग्दर्शकाला विचारलं.

"शेवटच्या दृश्यात तू डाकूंकडे पाठ फिरवून शेरीफशेजारी उभा राहतोस. तोवर कुणाला पत्ता लागू देऊ नकोस."

पडद्यामागेही गडी तसाच. चहा शेरीफ झालेल्या नायकाबरोबर, जेवण घोडेवाल्याबरोबर. "दोन्ही डगरींवर हात आहेत याचे," असं सगळे हसून म्हणायचे. तोही हसायचा.

मग एके दिवशी नायकाने दिग्दर्शकाच्या इशाऱ्याआधीच बंदूक झाडली, तीही घोड्याच्या कानाशी. घोडा उधळला. लगाम धरून उभा असलेला घोडेवाला टापांखाली आला आणि त्याचा पाय मोडला.

"जनावर नीट शिकवलेलंच नाही," नायक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निर्मात्याने सगळ्यांना बोलावलं. चूक घोडेवाल्याची ठरली, तर त्याचं काम कायमचं सुटणार होतं. झाला प्रकार जवळून पाहिला होता तो फक्त माझ्या नटाने.

"सांग ना," नायक गोड आवाजात म्हणाला. "आपण काय आजचे दोस्त आहोत?"

जाकिटाआड माझ्या नटाचं काळीज असं धडधडत होतं, की माझी पाचही टोकं थरथरली. तो नायकाकडे वळला. मग म्हणाला, "साहेब, बंदूक तुम्ही आधी झाडलीत. घोड्याचा काही दोष नाही. घोडेवाल्याचा तर नाहीच."

घोडेवाल्याचं काम वाचलं. शेवटचं दृश्यही ठरल्याप्रमाणे झालं. माझा नट शेरीफशेजारी असा येऊन उभा राहिला, की मावशींनी पदराने डोळे पुसले. पण पुढे नायक हटून बसला आणि त्या दृश्याला कात्री लागली.

चित्रपट लागला. मावशींनी मला नटाला देऊन टाकलं होतं, म्हणून त्याच्या खिशात बसून मीही गेलो. पडद्यावर मदतनीस अर्ध्यातच नाहीसा झाला. लोक भांडत बाहेर पडले. कुणी म्हणे फितूर, कुणी म्हणे भित्रा.

"अहो, शेवटी तुम्ही गेलात तरी कुठे?" बायकोने विचारलं.

"घोडेवाल्याकडे," तो म्हणाला, आणि खरंच तिकडे वळला. मला त्याने घोड्याच्या लगामाला अडकवलं.

आता माझा रंग उडालाय, एक टोक वाकलंय. घोडेवाला लंगडत येतो, घोड्याला खरारा करतो आणि जाता जाता मलाही फडकं मारतो. तुम्ही कधी तो चित्रपट पाहिलात, तर त्या मदतनिसाला एवढ्यात फितूर ठरवू नका. तो उभा राहिला होता. त्याच्या छातीवर मी होतो.