आवरून टाकलेलं पर्यावरण

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. काचेची, पोटाने गोल आणि तोंडाने जराशी फुटकी. तोंड फुटकं असलं की गप्प बसवत नाही, म्हणून आज बोलायचं ठरवलंय.

माझा जन्म भट्टीतला. वाळू, सोडा आणि चुना वितळून त्यांचा लालभडक गोळा झाला. एका कारागिराने तो लांब नळीच्या टोकावर घेतला आणि गाल टम्म फुगवून फुंकत फुंकत माझं पोट घडवलं. तेव्हा एक इवलासा बुडबुडा माझ्या काचेत अडकला. तो त्याच्या श्वासाचाच असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. म्हणजे बघा, वाळू जमिनीची, धग आगीची, श्वास माणसाचा. माझं स्वतःचं असं काय? काहीच नाही. म्हणून आभार मानायची सवय मला जन्मापासूनच जडली.

मग मी एका शिंप्याच्या दुकानात आले. माझ्या पोटात रंगीबेरंगी बटणं असायची. गिऱ्हाइकांसोबत आलेली पोरं माझ्या काचेला नाक चिकटवून उभी राहायची आणि मी मनातल्या मनात मिरवायचे. पुढे बटणांसाठी प्लास्टिकचे कप्पे आले. त्यातच एकदा माझ्यावर कात्री पडली आणि माझ्या काठाचा टवका उडाला. झालं, माझी रवानगी मागच्या खिडकीत. धूळ खात पडले. भंगारवाला आला त्या दिवशी मात्र शिंप्याच्या मुलीने मला उचलून छातीशी धरलं. "ही माझी," ती म्हणाली, आणि विषय संपला.

या मुलीला घरात सगळे रेडिओ म्हणत, कारण ती बोलायला लागली की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. शाळेत मात्र उलटं. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात ती आपल्या तक्त्यासमोर उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटला नाही. शेवटी मैत्रिणीने सगळं सांगितलं. यंदा काहीही झालं तरी स्वतः बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. विषय होता नैसर्गिक पर्यावरण.

तिने माझ्या तळाशी खडे घातले, त्यावर कोळशाचा चुरा, त्यावर माती. मातीत नेच्याचं, म्हणजे फर्नचं, इवलंसं रोप लावलं, बाजूला शेवाळ पसरलं, पाणी शिंपडलं आणि वर झाकण ठेवून मला उन्हाच्या तिरिपेजवळ नेलं. माझ्या टवक्यामुळे झाकण नीट बसत नाही. तेवढीच हवेला ये-जा करायला वाट. शेवाळासोबत एक नखाएवढी गोगलगाय न बोलावता आली आणि राहिली. काही दिवसांनी आतली वाफ माझ्या काचेवर थेंब होऊन जमली आणि ओघळून पुन्हा मातीत गेली. मित्रांनो, माझ्या पोटात पाऊस पडत होता! बटणं सांभाळणाऱ्या बरणीने आणखी काय मागावं?

रेडिओ रोज माझ्यासमोर पाठ करायची. परि म्हणजे भोवताली आणि आवरण म्हणजे वेढून असलेलं, म्हणून पर्यावरण. हे ऐकून मी अशी काही फुगले! भोवताली कोण आहे? मी. वेढून कोण आहे? मीच की. म्हणजे पर्यावरण मीच, आतली मंडळी आपली पाहुणी. असा माझा तोरा.

तो उतरवला आत्याने. ही रेडिओची आत्या दुकानात काजं-बटणं करायची आणि उरलेला सगळा वेळ आवराआवर. तिचा हात फिरला की झोपलेलं मांजरसुद्धा घडी होऊन कपाटात जाईल, असं रेडिओचे बाबा म्हणायचे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रेडिओ शाळेला निघताना दारातून ओरडली, की आत्या, माझं पर्यावरण बघ हं. नेमकी तेव्हा बाबांची मशीन खडखडत होती. आत्याच्या कानात शिरलं ते एवढंच : माझं आवर.

आणि तिने आवरलं. अगदी मायेने. झाड उपटलं, माती परसात ओतली, मला साबणाने घासूनपुसून लख्ख केलं. इतकी स्वच्छ मी कधीच नव्हते. आणि इतकी रिकामीही. आवरण होतं, पण आत काही नव्हतं. तेव्हा कळलं, नुसत्या वेढ्याला काही अर्थ नाही.

रेडिओ घरी आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"आत्या, माझं पर्यावरण कुठंय?"

"अगं, तूच म्हणालीस ना जाताना, आवर म्हणून?"

"पर्यावरण म्हणाले गं मी."

बाबांचा पाय मशीनवरून खाली आला. आत्याचा चेहरा एवढासा झाला. रेडिओचे डोळे भरले होते, पण ती आत्यावर चिडली नाही. उद्या पुन्हा गप्प उभं राहायचं, एवढंच पुटपुटली.

तशी आत्याने पदर खोचला. "कोण म्हणतं? मी टाकलेली वस्तू हरवत नसते. चल परसात."

कडक इस्त्रीच्या साडीत आत्या चिखलात गुडघे टेकून बसली. माती गोळा झाली, शेवाळाचे तुकडे मिळाले, मुळासकट नेचाही मिळाला. गोगलगाय सापडेना. ती एका कुंडीच्या बुडाशी चिकटलेली होती. आत्याने शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढलं, त्यात तिला अलगद बसवलं आणि माझ्यापर्यंत आणलं. जाता जाता तिला सॉरीसुद्धा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात आजूबाजूला चकचकीत मॉडेलं, आणि मी अशी गढूळ, आतला नेचा मान टाकून बसलेला. विज्ञानाच्या बाई समोर आल्या. रेडिओने तोंड उघडलं आणि मिटलं. माझा जीव काचेत मावेना.

बाईंनी आत डोकावून विचारलं, "सगळं आहे गं, पण माणूस कुठे दाखवलास?"

रेडिओने दाराकडे पाहिलं. तिथे आत्या उभी होती, दुसरी साडी नेसून, पण नखांत अजून माती.

"ती बघा माणूस, बाई," रेडिओ म्हणाली. "काल दुपारी तिने सगळं आवरलं आणि संध्याकाळी सगळं सावरलं."

बाई हसल्या, आत्या लाजली, आणि मग रेडिओ जी सुरू झाली! खडे, माती, हवा, पाणी, ऊन हे निर्जीव; झाड, शेवाळ, गोगलगाय आणि मातीतले न दिसणारे जीव हे सजीव. एकाला हात लावला की दुसरा कसा हलतो, ते तिला आता पाठ करावं लागत नव्हतं. तिने ते काल पाहिलं होतं. बोलता बोलता ऊन माझ्यावर आलं. माझ्या काचेवर, त्या बुडबुड्याच्या शेजारीच, एक थेंब जमला आणि ओघळला. रेडिओने बोट दाखवलं, आणि सगळे वाकून बघू लागले.

आता मी दुकानाच्या दर्शनी खिडकीत असते. नेचा झाकणाला टेकलाय. पोरं पुन्हा नाक चिकटवतात. मी त्या वाळूची, त्या फुंकरीची, रेडिओची ऋणी आहे. आणि खरं सांगू, आत्याचीही. तिने रिकामं केलं नसतं, तर भरलेलं असणं म्हणजे काय ते मला कळलंच नसतं.

मित्रांनो, तुमच्या भोवतीही एक मोठी बरणी आहे आणि तुम्ही तिच्या आतच आहात. पाचोळा, चिखल, किडामुंगी दिसली की लगेच आवरायला धावू नका. हात लावायचाच असेल, तर सावरायला लावा. आणि आत एखादी गोगलगाय असेल, तर तिला आधी विचारा.