पाचवी सवाष्ण

शालनला नवऱ्यामागे दुसरं वर्ष चालू होतं. कोपरखैरण्याच्या सोसायटीत तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण हळदी-कुंकवाचं बोलावणं मात्र तिचं दार सोडून पुढे जाई. आता तर एकुलत्या एक लेकीचं, वैष्णवीचं लग्न. पहिली हळद पाच सवाष्णींनी लावायची आणि आईनं दाराआड उभं राहायचं, हे तिच्या नणंदेनं, पुतळावन्संनी, परस्पर ठरवून टाकलं होतं. रीतीभाती सांगायला वन्सं कधी थकत नसत.

"वैनी, पोरीच्या संसाराला उगाच बोट लागाया नको," त्या म्हणाल्या.

 लेकीच्या गालाला आपल्या हाताची हळद लागावी, एवढंच शालनला हवं होतं.

वरच्या मजल्यावर कोरियन आजी राहायची. नातू तुर्भ्याच्या कारखान्यात इंजिनिअर. आजी नव्वदीच्या पुढची, चिमणीएवढी, उजव्या हाताची बोटं वाकडी. वैष्णवी तिच्याशी इंग्रजीत गप्पा मारायची आणि खाली येऊन आईला सगळं सांगायची. आजीच्या देशावर जपान्यांचं राज्य होतं, तेव्हा ही शाळकरी पोर नवरीचा वेष करून, घागऱ्याच्या अस्तरात स्वातंत्र्याची पत्रकं शिवून, पोलिसांच्या नाकावर टिच्चून पूल ओलांडायची. नवरीची झडती कोण घेणार? पुढे पकडलीच. साथीदारांची नावं सांग म्हणून बोटं मोडली, तरी हिनं एक नाव सांगितलं नाही. पुढे लग्न झालं, तो नवराही चळवळीतलाच, तुरुंगातच वारला. देश सुटल्यावर आपल्याच माणसांशी भांडली, बायकांना घरात हक्क हवा म्हणून. ऐकताना शालनच्या अंगावर काटा यायचा. आपण नणंदेपुढे ब्र काढत नाही, आणि ही बाई! एकदा जिन्यात तिनं आजीच्या पायांवर डोकंच ठेवलं होतं.

हळद सोसायटीच्या गच्चीवर होती. चार सवाष्णी हजर, पण जासईहून यायची पाचवी कंटेनरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. मुहूर्त टळायला आला, वन्संचा जीव खालीवर होऊ लागला. तेवढ्यात आजी जिना चढून आली. हिरवागार रेशमी घागरा, लाल चोळी! वन्सं हरखल्या. हिरवं नेसलेली बाई विधवा कशी असेल? शिवाय परदेशची पाहुणी, फोटोत उठून दिसणार.

"या आजी, तुमीच पाचव्या!"

दाराआडून शालन पाहत होती. गेल्याच आठवड्यात आजीनं वैष्णवीला खोदून खोदून विचारलं होतं, हळद कोण लावतं, सवाष्ण कोणता रंग नेसते. म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं. म्हातारी पुन्हा एकदा पूल ओलांडत होती.

वाकड्या बोटांनी तिनं वैष्णवीच्या दोन्ही गालांना हळद लावली. मग इंग्रजीत सावकाश काहीतरी म्हणाली. वैष्णवीनं ते मोठ्यानं मराठीत सांगितलं, "आजी म्हणतात, माझा नवरा तुरुंगात वारला. तेव्हापासून मी विधवाच आहे."



"अगं बाई! पुसा, पुसा ती हळद!" वन्सं ओरडल्या.

"लागलेली हळद पुसतात का, आत्या?" वैष्णवी म्हणाली.

आजी दाराकडे वळली आणि तिनं हळदीची वाटी शालनपुढे धरली. 

"वैनी, हितं पाऊल टाकू नका, सांगून ठेवते!"

 "वन्सं," शालन म्हणाली, "पोरगी माझी हाय."

ती उंबरा ओलांडून आली आणि वाटीत बोटं बुडवली. लेकीच्या गालांवर आजीच्या वाकड्या बोटांचे ठसे उमटले होते. शालननं नेमके त्यांच्यावरच आपले हात ठेवले.