फोटोतली कुंडी

बसा बाकांवर. सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या सख्ख्या बायकोचाही कधी बसला नाही. आमच्या गल्लीत भिंतीवरच्या फोटोंत इतक्या कुंड्या होत्या, की फुलपाखरं येऊन काचेवर आपटायची.

त्या कुंड्या मीच रंगवायचो. फोटोवाल्याचा धंदा माझा. कुणाला सरकारनं उचललं, की घरचेच फोटो घेऊन यायचे आणि त्या माणसाच्या जागी मी फुलांची कुंडी काढायचो. कुंडी म्हणजे 'आम्ही याला टाकलं' याची ग्वाही. तसा कायदा नव्हता बरं. रीत आपणच पाडली, भीतीपोटी. आणि एकदा कुंडी बसली, की तुरुंगाच्या दारात त्या माणसाची चौकशी करायला घरचं कुणी उरत नसे.

शिंप्याची थोरली पोरगी अशीच उचलली गेली. सभेत सगळे टाळ्या पिटत होते, ही खिशात हात घालून उभी. का, असं विचारलं तर म्हणाली, "हात माझे आहेत. वाटलं तर वाजवीन."

दुसऱ्या दिवशी शिंपी गणवेशांना इस्त्री करत होता, तोच त्याची बहीण आली.

"दादा, उद्या घरतपासणी आहे आणि पोरगी अजून भिंतीवर? धाकट्याला शाळेतून काढतील."

 इस्त्रीखाली बाही करपली.

"वहिनी, तू तरी सांग याला."

"फोटोतून काढली, म्हणून पोटातून निघणार आहे का ती?"

तरी पोरीची आई फोटो घेऊन माझ्याकडे आलीच. मी कुंचला बुडवला. आणि ऐका, तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "भावजी, हात तुमचे आहेत ना? मग ठेवा तो खाली." मी ठेवला. तिनं फोटो नेऊन रस्त्याकडच्या खिडकीत टांगला. मग काय, घराघरांत लोक नखांनी कुंड्या खरवडू लागले. खालून कुणाचा भाऊ निघाला, कुणाचा नवरा. एका म्हातारीच्या फोटोत ओळीनं पाच कुंड्या. पाचही मुलगे शिंकत बाहेर आले. तपासणीवाले टोप्या टाकून जे पळाले...

"खोटं."

मागच्या बाकावरून शिंप्याची बायको उठली.

"मी कुणाचं मनगट धरलं नव्हतं, भावजी. तुम्ही विचारलंत, फुलं कुठली काढू. पिवळी, म्हटलं मी. तिला आवडतात. रोज पुसते ती काच. परवा तुरुंगाच्या दारात गेले, तर शिपाई म्हणाला, हिला कुणी नाही, असं तुम्हीच सांगितलंय."