खालच्या कप्प्यातली व्हॅलेरियन

“दार हळू लाव. आत मंडळी निजली आहेत.”

मित्रांनो, हा आवाज माझ्या कानी पडला तेव्हा माझा हिरवा रंगसुद्धा नीट वाळला नव्हता. बोलणाऱ्या होत्या मार्गारेटबाई. त्या अर्थातच इंग्रजीत बोलल्या. मराठी मला फार पुढे आली, ती कोणामुळे ते सांगणारच आहे. मी एक जुनी लोखंडी आलमारी. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ बॉथेल नावाचं गाव आहे, तिथे वाळवलेल्या झाडाझुडपांचा एक छोटा संग्रह आहे. त्या संग्रहात मी उभी होते. हल्ली मी व्हरांड्यात असते. माझ्या पोटात आता छत्र्या आहेत, नाताळच्या दिव्यांच्या माळा आहेत आणि एक बिघडलेला पंखा आहे. पण एके काळी माझ्या पोटात अख्खं एक कूळ नांदत होतं.

तुमची घराणी असतात ना, तशी झाडांचीही असतात. त्यांना कूळ म्हणतात. कोण कोणाचं भावंड, कोण कोणाचं चुलत, हे ठरवणाऱ्यांची अख्खी हयात त्यात जाते. मार्गारेटबाईंची गेली. दर उन्हाळ्यात त्या अलास्काला जायच्या, जिथे झाडं खुजी होत होत शेवटी संपून जातात आणि नुसती गवतं, शेवाळ आणि वारा उरतो. तिथून त्या वर्तमानपत्रांत दाबलेली रोपं आणायच्या. मग जाड पांढऱ्या कागदावर डिंक लावून एकेक रोप चिकटवायचं, देठ दोऱ्याने टाचायचा, गळालेले तुकडे कोपऱ्यातल्या छोट्या पुडीत ठेवायचे आणि खाली चिठ्ठी लावायची: नाव काय, कुठे सापडलं, कोणी ओळखलं.

त्या चिठ्ठीचा एक नियम होता. ओळख चुकली असं पुढे कोणाला वाटलं, तर त्याने जुनी चिठ्ठी काढायची नाही. शेजारी नवी लावायची आणि तिच्यावर स्वतःचं नाव घालायचं. चुकलेल्याचंही नाव राहतं, सुधारणाऱ्याचंही राहतं. एकेका कागदावर तीन-तीन पिढ्या अशा शेजारी बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

माझ्याकडे हनीसकल नावाच्या सुगंधी फुलांच्या वेलीचं कूळ होतं. त्यात एका दोऱ्याएवढ्या देठावर दोन गुलाबी घंटा झुलवणारं जुळं फूल होतं. पांढऱ्या फुलांचे झुबके मिरवणारी व्हायबर्नम होती. आणि माझी लाडकी एल्डर, लालभडक फळांचे घोस मिरवणारी, घरातली थोरली लेक शोभावी अशी. शाळेची मुलं बघायला आली की मार्गारेटबाई माझंच दार आधी उघडायच्या आणि मुलं आ वासून एल्डरकडे बघायची. मी फुगायचे. पत्र्याला फुगता येत नाही म्हणतात, पण मी फुगायचे.

माझ्या अगदी खालच्या कप्प्यात मात्र एक परकं बिऱ्हाड होतं. व्हॅलेरियनचं. तिचं कूळ वेगळं, पण दुसरीकडे जागा नव्हती म्हणून माझ्याकडे पोटभाडेकरू म्हणून ठेवलेली. तिच्या मुळांना असा उग्र वास, की वरच्या मंडळींच्या कागदांनाही तो लागायचा. मी तिच्याकडे बघून नाक मुरडत असे.

आणि माझ्या डाव्या हाताला उभी होती करड्या रंगाची आलमारी, करडी. माझ्याहून नवी, दाराला रबराची पट्टी असलेली, आवाज न करता मिटणारी. तिच्यात काय होतं म्हणाल? एका फळीवर कागदांची एक बारीकशी घडी. अडॉक्सा नावाचं बोटभर उंचीचं रोपटं, हिरवट फुलाचं. त्या नावाचा अर्थच मुळी ‘जिला मानमरातब नाही ती’. मी मनात हसायचे. एवढी मोठी आलमारी आणि आत कोण, तर ही!

मित्रांनो, हसू नये हो कोणाला.

मार्गारेटबाई गेल्या. डेव्हिड नावाचा उंच, मितभाषी माणूस संग्रह सांभाळू लागला. २००४ साली त्याच्या मागोमाग दोन बाया आत आल्या, आणि एकीने माझ्या दारावर हात ठेवून दुसरीला म्हटलं, “अगं, ही तर आपल्या डिपार्टमेंटची आलमारी आहे. डिट्टो!” त्या दोघींकडून मी मराठी शिकले. दोघी नागपूरच्या, वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला एकाच वर्गात. सुवर्णा पहिली आलेली, रुचा दुसरी.

पण आता दिवस पालटले होते. रुचा शिकायला अमेरिकेत आली, पीएच.डी. झाली, आणि याच इमारतीत वरच्या मजल्यावर डीएनए वाचायचं यंत्र तिच्या हाताखाली होतं. सुवर्णाचा नवरा प्रसन्न बॉथेललाच एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्याच्याबरोबर ती आली होती. तिच्या व्हिसावर पगाराची नोकरी करायला परवानगी नव्हती. फुकट मदत करायला होती. रुचानेच डेव्हिडकडे शब्द टाकला आणि सुवर्णा दर मंगळवारी कागदांना डिंक लावायला येऊ लागली.

रुचाने उपकार केले, हेच सुवर्णाला खुपायचं. रुचा कॉफीचा कप घेऊन खाली यायची, विचारायची, “काय करून राहिली गं?” सुवर्णा म्हणायची, “बघतेस ना, चिकटवून राहिली.” दोघी हसायच्या. रुचा वर गेली की सुवर्णाचं हसू विझायचं आणि ती गुणगुणायची. ओव्या तिच्या तीच जुळवायची:

पानाला लाविला डिंक, देठाला बांधिला दोरा,
माझ्या नावाचा कागद बाई, अजून आहे कोरा.

तेच तिला हवं होतं. पैसा नाही, खुर्ची नाही. एका चिठ्ठीवर आपलं नाव, आपण ओळखलेल्या झाडाखाली. वाट बघणाऱ्याची भाषा मला कळते.

पुढच्या वर्षी माझ्यावर कुऱ्हाड कोसळली. डीएनए वाचणाऱ्या जगभरच्या लोकांनी सांगितलं, की एल्डर आणि व्हायबर्नम हनीसकलच्या घरातल्या नाहीतच. त्यांचं रक्ताचं नातं आहे त्या बोटभर अडॉक्साशी. आणि एवढ्यावर थांबले नाहीत. एल्डर, व्हायबर्नम आणि अडॉक्सा यांचं जे नवं कूळ झालं, त्याला नाव दिलं अडॉक्साचं! ज्या रोपट्याला बिचारं म्हणून मी हसले, ते घराण्याचं मुख्य झालं, आणि माझी लेक त्याच्या घरी निघाली.

न्यायला आले तेव्हा मी दार धरून ठेवलं. खोटं नाही सांगत. डेव्हिडने ओढलं, रुचाने ओढलं, मी हलले नाही. शेवटी सुवर्णाने बिजागरीत तेल सोडलं आणि मी हरले. पण मनाने ती माझ्याच बाजूची होती. ती रुचाशी भांडली. म्हणाली, शंभर वर्षं लोकांनी डोळ्यांनी बघून जे ठरवलं ते तुझं यंत्र एका दुपारी मोडतं का? रुचा शांतपणे म्हणाली, “डोळ्यांनीच बघ ना मग.” आणि तिने एल्डर आणि हनीसकलची फुलं दोन भिंगांखाली शेजारीशेजारी ठेवली. हनीसकलचं लांबट नळीसारखं, आतल्या लांब दांडीचं. एल्डरचं पसरट, इवलंसं, दांडी जवळजवळ नाहीच. सुवर्णा बराच वेळ वाकून बघत राहिली. मग घड्या उचलून तिनेच करडीत नेऊन ठेवल्या. चुकले तर चुकले म्हणणारी बाई होती ती. म्हटलं नाही, पण केलं.

माझं मात्र तसं नव्हतं. माझा नुसता जळफळाट. करडीचं दार उघडलं की मला लाल घोस दिसायचे. शाळेची मुलं आता तिच्यापुढे उभी राहायची. आणि माझ्याकडे काय उरलं? हनीसकलचे चार कागद, जुळं फूल, आणि खालची ती वासाची. त्यातही ऐकायला आलं, की डीएनएच्या हिशेबाने व्हॅलेरियनच हनीसकलची जवळची. पुढेमागे दोघींचं कूळ एकच धरतील. मी म्हटलं, घ्या. सोन्यासारखी लेक गेली आणि भाडेकरीण घरची झाली.

मग तो कागद निघाला.

अलास्काच्या अगदी उत्तरेला, झाडं संपतात त्या कडेला, मार्गारेटबाईंना एक कोवळं रोप मिळालं होतं. फूल नाही, फळ नाही, नुसती समोरासमोरची, पिसासारखी कापलेली पानं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं एल्डर. इतक्या उत्तरेला एल्डर दुसऱ्या कोणालाच सापडली नव्हती, म्हणून हा कागद संग्रहाचा मानबिंदू. आता तो करडीकडे होता. उत्तरेच्या वनस्पतींची नवी यादी छापायची होती, तिच्यात तो झळकणार होता. करडीचा तोरा काय वर्णावा!

त्या कागदाचा टाका सुटला होता. सुवर्णाने तो दुरुस्तीला घेतला, कोपऱ्यातली पुडी उघडली, आणि थबकली. तिने पुडी नाकाशी नेली. डोळे मिटले.

“रुचा,” तिने हाक मारली, “इकडे ये. आईच्या शिकेकाईचा डबा आठवतो? आत जटामांसी असायची बघ.”

रुचाने वास घेतला आणि हसली. म्हणाली, माहेरची आठवण येऊन राहिली तुला, दुसरं काही नाही. पण सुवर्णा ऐकेना. जटामांसी व्हॅलेरियनच्याच गोतातली. हा वास एल्डरला असूच शकत नाही. पुडीत मुळाचा तुकडा आहे, हे रोप व्हॅलेरियन आहे. तिने माझं दार उघडलं, खालच्या कप्प्यातून व्हॅलेरियनचा कागद काढला आणि पान पानाशेजारी धरलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी त्या कप्प्यापुढे गुडघे टेकले होते.

डेव्हिडने दोन्ही कागद बघितले, मान हलवली. म्हणाला, छापायच्या यादीतली नोंद बदलायची तर नुसत्या वासावर नाही बदलता येणार. रुचाने डीएनए वाचावा. तसंच निघालं, तर नवी चिठ्ठी लागेल आणि तिच्यावर नाव सुवर्णाचं असेल. रुचाने पानाचा नखाएवढा तुकडा घेतला आणि वर गेली. तो जानेवारी होता, २००७चा.

त्यानंतर सुवर्णा दर मंगळवारी विचारायची. मशीन डाऊन आहे यार, रुचा म्हणायची. मग म्हणाली, सॅम्पल जुनं आहे, पुन्हा रन करावं लागेल. पुढे सुवर्णाने तोंडाने विचारणं सोडलं, नुसतं बघायची. मार्चमध्ये एकदा भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, रुचा एकटी खाली आली. करडीतून तिने तो कागद काढला, पुडी उघडली आणि कितीतरी वेळ वास घेत उभी राहिली. मग जिथल्या तिथे ठेवून गेली. मला वाटलं, हिलाही आईची आठवण आली असेल.

एप्रिलमध्ये प्रसन्नचं काम इथलं संपलं. त्याला व्हर्जिनियात हर्नडनला जायचं होतं. सुवर्णाने घर आवरायला घेतलं. जूनअखेर यादी छपाईला जाणार होती, आणि त्याच आठवड्यात ती बॉथेल सोडणार होती. डिंकाचा कुंचला धुताना सुवर्णा ती ओवी गुणगुणेनाशी झाली. मला ते फार लागलं.

मित्रांनो, ती गेल्यानंतरचं माझं फारसं सांगण्यासारखं नाही. रुळांवर सरकणारी नवी कपाटं आली. मला बाहेर काढलं, आणि करडीलाही. ती माझ्याशेजारीच आहे, तिच्यात झाडू आणि बादल्या असतात. इतकी वर्षं जिचा हेवा केला तिच्याशी आता संध्याकाळच्या उन्हाची तिरीप वाटून घेते. कधी वाटतं, आत कोण होतं यावरून आम्ही भांडलो, पण कीड लागू न देणं हे काम दोघींनी सारखंच केलं. म्हणून सांगते, जुन्या वस्तूचं दार उघडाल तेव्हा हळू उघडा, आणि बिजागरीला अधूनमधून तेल घाला. खालच्या कप्प्यापर्यंत वाका. ज्याच्या वासाने नाक मुरडता, त्याचं नाव एकदा विचारा. आणि कोणाचं नाव तुमच्या हातात अडकलं असेल, तर ते वेळेवर द्या. एवढंच माझं मागणं.

आता तो शेवटचा मंगळवार सांगते आणि दार मिटते.

सुवर्णा सगळ्यांसाठी चकल्या घेऊन आली होती. डेव्हिडने दोन खाल्ल्या आणि दोन रुमालात बांधून घेतल्या. तो गेल्यावर रुचा खाली आली. तिच्या हातात छापलेली, अजून न लावलेली एक चिठ्ठी होती. तिने ती टेबलावर ठेवली. व्हॅलेरियन, असं लिहिलं होतं, आणि खाली ओळखणाऱ्याचं नाव. सुवर्णाचं. यादीतली नोंद डेव्हिडने सकाळीच बदलली होती.

सुवर्णाने ती दोनदा वाचली. कुंचला घेतला. मार्गारेटबाईंच्या चिठ्ठीला जराही धक्का न लावता तिच्या शेजारी आपली चिठ्ठी चिकटवली आणि अंगठ्याने दाबून धरली. मग माझं दार उघडलं, खाली वाकली आणि तो कागद माझ्या खालच्या कप्प्यात ठेवला. एल्डर म्हणून गेलेली, व्हॅलेरियन होऊन परत आली. मला उजळ माथ्याने फुगता आलं असतं, पण त्या खोलीत फुगण्यासारखी हवा नव्हती.

तिने दार हळूच लावलं. माझ्यावर हात तसाच ठेवून, मागे न बघता तिने विचारलं, “रिझल्ट कधी आला गं?”

रुचा टेबलाच्या कडेला बोटं धरून उभी होती.

“मार्चमध्ये,” ती म्हणाली. “एकदाच रन केलं, सुवर्णा. मशीन कधीच डाऊन नव्हतं. कॉलेजात तू पहिली, मी दुसरी. इथे तू खाली डिंक लावायची, मी वर मशीनवर, तर वाटलं, संपलं एकदाचं ते. तू जळायची माझ्यावर, ते दिसायचं मला, आणि बरं वाटायचं. मग तू नुसती पुडी हुंगून सांगितलं. तोच वास मीही घेतला होता. माझ्याही आईचा डबा तसाच होता. मला ओळखता आला नाही गं तो. मी तुझ्यावर तेव्हाही जळत होते, आजही जळते.”