फिकट रंगाची गल्ली

माझ्या नवऱ्याला त्याच्या ऑफिसात सगळे 'मीटर' म्हणतात. हे मला फार उशिरा कळलं, नाहीतर मी लग्नाआधीपासूनच म्हणायला लागले असते. तो पाणीपुरवठ्यात आहे. जमिनीखालच्या पाइपातून पाणी कुठे गळतंय ते शोधून काढणं हे त्याचं काम, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा आकडा मागणं हा त्याचा स्वभाव. कलिंगड घेताना लोक टिचकी मारून बघतात, हा सालीचं वजन किती निघेल ते विचारतो.

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर. त्यामुळे स्वभावही तसाच झालाय असं घरचे म्हणतात. समोरचा चुकायच्या आधीच मी पाय दाबते. अर्थात ते बहुतेक वेळा चुकणारच असतात, हे घरचे सांगत नाहीत.

त्या दिवसांत आमच्या पुढच्या खोलीत माझी मोठी बहीण आणि तिची मुलगी राहत होत्या. ताई एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. हिवाळ्यातल्या एका सकाळी ती मुलीला शाळेत सोडायला म्हणून घरातून निघाली आणि शाळेत न जाता थेट आमच्या दारात आली. सोबत मुलीचं दप्तर आणि एक पिशवी, बस. नवरा मारतो, हे तिने त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा सांगितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मला तिचा रागही आला आणि रडूही, आणि दोन्ही लपवायला मी चहा टाकला.

आता ताईला स्वतःचं घर हवं होतं. भाड्याचं असो, दोनच खोल्यांचं असो, पण किल्ली तिच्या हातात. घर सुरक्षित हवं ही एकच अट, आणि ती आम्हा सगळ्यांची होती. सुरक्षित म्हणजे काय, इथे घोडं अडलं.

दोन घरं पसंतीस उतरली होती. एक टेकडीमागच्या वसाहतीत. रुंद रस्ते, उंच कुंपणं, प्रत्येक फाटकावर कुत्र्यापासून सावध राहायची पाटी. दुसरं बाजारामागच्या गल्लीत, एका तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचं दुकान आणि मागच्या बाजूला त्यांचं घर. ताईची लॅब तिथून चालत जाण्यासारखी. गल्लीत गाडी लावताना मला घाम फुटतो हा एक दोष सोडला, तर मला ते घर आवडलं होतं. बाजारवाल्या घराच्या मालकांना रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

रविवारी सकाळी मीटर लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलावर बसला. पोलिसांनी शहराचा एक नकाशा सगळ्यांसाठी खुला केला होता. कुठल्या भागात लोकवस्तीच्या मानाने किती गुन्हे नोंदले गेले, त्याप्रमाणे रंग. फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत. एखाद्या भागावर बोट ठेवलं की एकेका नोंदीचे ठिपकेही दिसायचे.

"हे बघ," तो मला म्हणाला, "टेकडीमागे फिकट पिवळा. बाजारामागे लाल. यात काथ्याकूट करण्यासारखं काही नाही."

"बाजारात लाल असणारच," मी म्हणाले. "अर्धं शहर तिथे खरेदीला येतं. पाकिटं त्यांची मारली जातात आणि तू ती भागतोस तिथे राहणाऱ्या मूठभर लोकांनी."

त्याने मान डोलावली. चूक दाखवली की मीटर रागावत नाही, उलट खूश होतो. हा त्याचा गुण मला भांडणात फार त्रासदायक वाटतो. त्याने पाकीटमारी वगळली, सायकलचोऱ्या वगळल्या, दुकानांतल्या चोऱ्याही वगळल्या. रंग उतरत उतरत नारिंगी झाला. मी विजयी मुद्रेने बटणाच्या ताटलीत टोस्ट ठेवला. बटण म्हणजे भाची. तान्ही असताना तिचं नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं, तेव्हापासून तेच नाव पडलंय.

"तरी एक राहतंच," मीटर आवाज खाली आणत म्हणाला. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला, म्हणजे बटणाला दिसू नये. "घरातली मारहाण. बाजारामागे शहराच्या सरासरीच्या दुप्पट आहे. टेकडीमागे जवळजवळ नाहीच. आता तूच सांग, ताईंना तिथे कसं पाठवायचं? भिंतीपलीकडे रोज तेच ऐकायला?"

ब्रेकवरचा पाय नुसताच राहिला. ताईला तिथे, तसल्या आवाजांच्या शेजारी पाठवायच्या कल्पनेनेच मला गलबलून आलं. मी मनातल्या मनात टेकडीमागे गाडी कुठे लावता येईल याचा विचार करायला लागले.

ताई ओट्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिने हात पुसले आणि बटणाला गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला पाठवलं. मग ती टेबलाशी येऊन बसली.

"मीटरराव, यात आमचं जुनं घर दिसतं का हो?"

"कोणतं?"

"माझं. नवऱ्याचं."

मीटरने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने नकाशा सरकवत सरकवत शहराच्या दुसऱ्या टोकाला नेला. ताईची गल्ली मला वरून लगेच ओळखू आली, कोपऱ्यावरच्या गोल बागेमुळे. बाग हिरवी होती आणि बाकी सगळं फिकट. दुधात केशराची एकच काडी पडावी इतकं फिकट.

"मघाशी म्हणालात ते दाखवा," ताई म्हणाली. "घरातलं."

त्याने तो प्रकार निवडला. मग वर्ष मागे नेलं. मग आणखी मागे. जितकी वर्षं नकाशात होती तितकी सगळी झाली. एकही ठिपका नाही.

"शून्य," मीटर म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं असावं, कारण त्याने माउसवरून हात काढून घेतला.

ताईने स्क्रीनजवळ चेहरा नेला. लॅबमध्ये दाताची कड तपासताना ती अशीच वाकते.

"मग मी कुठे आहे यात?" तिने विचारलं.

तिचा आवाज अगदी साधा होता. वाणसामानाच्या दुकानात साबण कुठे ठेवलाय असं विचारावं तसा. मला मात्र समोरचं दिसेनासं झालं आणि मी उगाच टोस्टचे कण गोळा करत बसले.

"भिंतीला भिंत लागून घर होतं शेजारच्यांचं," ताई म्हणाली. "रात्री आवाज व्हायचा, सकाळी त्या बाई जिन्यात भेटायच्या. हवेबद्दल बोलायच्या. चांगली माणसं होती, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची नाहीत. आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पोलिसांकडे तर नाहीच. मग रंग कुठून येणार?"

मीटरने नकाशा लहान करून पुन्हा सगळं शहर समोर आणलं. मग स्वतःशीच म्हणाला, "मुका भाग."

हे मला माहीत होतं. त्याच महिन्यात एकदा तो जेवता जेवता चिंतेत पडला होता, कारण शहराच्या एका भागातून वर्षभर गळतीची एकही तक्रार आली नव्हती. मी त्याची टर उडवली होती, की तुला फोन आला तरी काळजी आणि नाही आला तरी काळजी. तेव्हा त्याने मला समजावलं होतं. फोन नाही म्हणजे गळत नाही असं नसतं. पाणी खोल कुठेतरी मुरत असतं, किंवा फोन करून उपयोग नाही असं लोकांनी ठरवलेलं असतं. अशा भागाला त्यांच्याकडे मुका भाग म्हणतात, आणि लोखंडी कांडी पाइपाला लावून, दुसरं टोक कानाशी धरून ऐकणारी माणसं तिथे सगळ्यात आधी पाठवतात. त्याच्या नोकरीतला हा पहिला धडा. घरी येताना मीटर हा धडा बहुतेक ऑफिसच्या खुंटीवर अडकवून येत असावा.

"मी रोज हेच करतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ताई, मला आधी सुचायला हवं होतं."

"सुचलं ना आता," ताई म्हणाली. "मग बाजारामागे लाल का?"

"ते नक्की नाही सांगता येणार." मीटर पुन्हा मीटर झाला. "तिथे मारहाण जास्त असेल, कदाचित नसेलही. खरा आकडा कुणाकडेच नाही. एवढंच खात्रीने म्हणता येईल, की तिथे कुणीतरी फोन करतं."

"मला तेवढं पुरे," ताई म्हणाली, आणि मालकांना फोन लावायला उठली.

पंधरवड्यात ताई तिथे राहायला गेली. मीटरने दाराला असं कुलूप बसवलं, की पहिल्या दिवशी ते आमच्यातल्या कुणालाच उघडेना. लाल रंग पूर्ण खोटा नव्हता. बटणाची सायकल पहिल्याच आठवड्यात जिन्याखालून गेली, आणि "मी सांगत होतो" हे तीन शब्द गिळायला मीटरला किती कष्ट पडले ते मी पाहिलंय.

मग एका शनिवारी दुपारी मी आणि मीटर ताईकडे जुनं कपाट घेऊन गेलो. ते भिंतीशी उभं करत होतो. मीटरचं म्हणणं होतं डावीकडून उचल, माझं म्हणणं होतं उजवीकडून, आणि आम्ही दोघंही आपापलं म्हणणं चढ्या आवाजात मांडत होतो. तेवढ्यात कपाट हातातून निसटलं आणि आडवं झालं. आवाज असा झाला की खिडकीच्या काचा हलल्या. ताई किंचाळली. बटण रडायला लागली.

मिनिटभरात दार वाजलं. ठोठावणं नव्हे, धपाधपा वाजवणं.

"कोण आहे?" ताईने आतूनच विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खालची घड्याळवाली. दार उघड."

"काही नाही हो काकू, कपाट पडलं."

"पडलं असेल तर बरंच आहे. पण उघड, मला बघू दे. पुरुषाचा आवाज ऐकलाय मी."

ताईने कुलपाशी झटापट करून दार उघडलं. काकू दारात उभ्या, एका डोळ्यावर घड्याळजीचं भिंग तसंच चढवलेलं, हातात छोटा स्क्रूड्रायव्हर. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरचं जोडपं. काकूंनी आधी ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मीटरला पाहिलं, आणि तो बिचारा दोन पावलं मागे सरला. शेवटी त्यांनी कपाटाकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "पोलिसांना फोन केलाय मी. येतील आता. त्यांनाही कपाट दाखवा."

माफी नाही, संकोच नाही. त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि बटणाला जवळ घेऊन भिंगातून स्वतःचा अंगठा बघायला दिला. थोड्या वेळाने दोन महिला पोलीस आल्या. त्यांनी ताईला आतल्या खोलीत नेऊन एकटीला विचारलं, कपाट पाहिलं, काहीतरी लिहून घेतलं आणि गेल्या. कपाटाला पकडून नेणार का, असं बटणाने त्यांना विचारलं.

सगळे गेल्यावर ताई आडव्या कपाटावरच बसली आणि रडली. मी तिच्याजवळ बसले. तिला काही विचारायची गरज नव्हती, मलाही रडू येत होतं. इतक्या वर्षांत तिचं दार असं कुणीच वाजवलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात ताई आणि बटण आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. मीटरने सवयीने नकाशा उघडला आणि एकदम ओरडला. बाजारामागच्या गल्लीत, बरोबर त्या इमारतीवर, एक नवा ठिपका उमटला होता. प्रकार, घरातली मारहाण.

"हे चूक आहे," तो म्हणाला. "कपाट पडल्याची नोंद इथे कशी जाते? आकडे नासतात याने. मी आजच पोलिसांना लिहितो आणि हा काढून टाकायला लावतो."

ताई उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"राहू द्या, मीटरराव," ती म्हणाली. "उशिरा आला, पण माझाच आहे तो."

मीटरने लॅपटॉप मिटला आणि पानं घ्यायला उठला.