उपासाच्या दळणामागे

केसरबाईंच्या सहा वर्षांच्या सुजाताला गव्हाचा कणही सोसत नसे. मागच्या खेपेला आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले होते. वाढदिवसाला तिला केक हवा होता, म्हणून केसरबाईंनी पुण्याच्या कँपातून गव्हाचा अंशही नसलेल्या ओट्सचे दोन डबे आणले; आता त्यांचं पीठ करायचं होतं. पण कासारवाडीच्या गिरणीत रोज गहूच दळला जाई. एकादशीच्या आदल्या दिवशी मात्र गिरणीवाले हिंदुराव ती झाडून-पुसून फक्त उपासाचं दळत. केसरबाई त्या रांगेत उभ्या राहिल्या.

"काय हो, बुद्धविहार सोडून एकादशी धरली का?" रांगेत पुढे उभ्या असलेल्या सुमनताईंनी टोमणा मारला.

"न्हाई ताई. लेकीला गहू बाधतो. माझं धान्य तुमच्या उपासाला चालायचं न्हाई, मी सगळ्यांच्या शेवटी दळते."

सुमनताईंची भगर दळून झाली, तरी त्या गेल्या नाहीत. एकजण गव्हाचा डबा घेऊन पुढे घुसला, तेव्हा त्याच कडाडल्या, "थांबा की राव! आधी लेकराचं दळण!"

केक तापल्या वाळूवर पातेल्यात भाजला. तो मधोमध बसला, तरी सुजाताने दोन तुकडे खाल्ले. तिला काही बाधतंय का, म्हणून केसरबाई दिवेलागणीपर्यंत तिच्याकडे बघत बसल्या. पोरगी खेळायला पळाली, तेव्हा कुठे त्यांनी उरलेला तुकडा तोंडात घातला.