पिवळी खूण

माझा धाकटा भाऊ नव्या रेल्वेमार्गाची मोजणी करतो आणि आमचे हे शाळेत इतिहास शिकवतात. एकाला पुढचं दिसतं, दुसऱ्याला मागचं, आणि मधे मी.

शहर वाढत वाढत शाळेच्या कुंपणाला टेकलं होतं. कुंपणाबाहेर जुन्या बसथांब्याचा दगडी बाक होता. शाळा सुरू झाली ती तिथेच. बसची वाट बघणाऱ्या पोरांना एक बाई त्या बाकावर बसवून शिकवायच्या. अजूनही नव्या पोरांचा पहिला फोटो त्याच बाकावर निघायचा. बाकावर ह्यांचा जेवढा जीव, त्याच्या निम्मा माझ्यावर असता तर मी अंगाने भरले असते.

एका रविवारी चहा पिता पिता भाऊ म्हणाला, "भावजी, तुमच्या शाळेतलं सगळ्यात जुनं काय?"

ह्यांनी खुशीत बाकाचं पुराण लावलं. मग विचारलं, "का रे? मार्ग कुठून जाणार?"

"ते नाही सांगता येत. जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप."

तो गेला तशी ह्यांनी दाराला कडी लावली. "पाणी कुठेतरी मुरतंय. ताकाला आला आणि भांडं लपवतोय."

मी भांडले. सख्खा भाऊ माझा. पण दोनच दिवसांत बाकाच्या पाठीवर पिवळ्या रंगाचा गोल उमटला. समोरच्या झाडांवरही असेच अचानक लाल पट्टे आले होते. आता तिथे झाडं नव्हती.

"खूणच नसली तर पाडतील काय?" हे म्हणाले. भाऊ भाऊ म्हणून किती दिवस डोळे झाकायचे, असं मलाही वाटलं. खरं सांगायचं तर राग आला होता मला त्याचा.

शाळा सुटल्यावर मी थिनर आणि चिंध्या घेऊन बाक घासला. हे पहाऱ्याला उभे राहिले. पहारा कसला, दगड कुठल्या खाणीतला तेच मला सांगत होते.

पुढच्या सोमवारी मशीन आलं. दुपारपर्यंत बाकाचा ढीग झाला.

संध्याकाळी भाऊ घरी आला तो बूट न काढताच बसला. "बाक उचलून स्टेशनच्या दारात बसवायचा होता, भावजी. साहेबांशी भांडून मंजूर करून घेतलं होतं मी. पिवळी खूण म्हणजे मोडायचं नाही. माझ्या हाताने केली होती. आणि मशीनवाला म्हणतो, खूण नव्हतीच. खोटारडा मेला. उद्या त्याला घरी बसवतो."

हे कपात बघत बसले. वर्गात तास संपला तरी न थांबणारं तोंड. मी थोडा वेळ वाट पाहिली.

"त्याला काढू नकोस," मी म्हणाले. "खरं बोलतोय तो. खूण मी पुसली."

"तू?"

"आम्हाला वाटलं, तू बाक पाडायला दाखवलास."

"भावजींचं समजू शकतो, ताई," तो म्हणाला. "तू एक फोन का नाही केलास?"

चहा तसाच ठेवून तो उठला. जिन्यातूनच त्याने मशीनवाल्याला फोन लावला. "चूक माझी झाली, उद्या ये कामावर," एवढं मला ऐकू आलं.

"पण आधी सांगायला काय झालं होतं त्याला?" हे म्हणाले.

मी कप उचलले. त्याचा नंबर मला पाठ आहे.